गौर कशाच्या पावली आली

"पाणी निवलं का गं?" मामंजींनी आतून ओरडून विचारलं.

मी तांब्यात बोट बुडवून बघितलं. "निवलं! येऊ द्या पुढच्या पाहुण्यांना."

वाईला कृष्णेच्या घाटाला लागून एक धर्मशाळा होती. साल चौऱ्याऐंशी, भाद्रपद, गौरी यायचा दिवस. घरोघरी बायका रांगोळ्या काढत होत्या आणि मी धर्मशाळेच्या व्हरांड्यात पाटावर बसले होते. समोर भली मोठी पितळी परात, बाजूला कोमट पाण्याचा तांब्या, पंच्यांची चळत आणि कुंकवाची वाटी. समोरच्या खुर्चीत जी बाई येऊन बसेल तिचा पाय परातीत घ्यायचा, धुवायचा, पुसायचा, त्याला कुंकू लावायचं आणि डोकं टेकवून नमस्कार करायचा. पुरुषांचं हेच काम व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला निवृत्त झालेले एक मास्तर करत होते.

मामंजी म्हणजे माझे सासरे, विष्णुपंत दातार. ओतकामाच्या कारखान्यात साचे करण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात, यांनी अभ्यागत मंडळ काढलं. ज्यांचा पाय गेलाय त्यांना वर्षातून एकदा बोलवायचं, पहिल्या दिवशी मापं घ्यायची आणि तिसऱ्या दिवशी रबराचा पाय बसवून घरी पाठवायचं. पैसा एक घ्यायचा नाही. मदतीला कारखान्यातले जुने सोबती यायचे, आणि त्यांना रजा मिळायची ती गणपतीतच. म्हणून शिबिर नेमकं गौरी-गणपतीत.

सासूबाईंना हे अजिबात मान्य नव्हतं. "घरची गौर दारात उभी, आणि सून गावाचे पाय धुतेय," असं त्या दरवर्षी म्हणायच्या. चार वर्षांत त्यांनी धर्मशाळेत पाऊल टाकलेलं नव्हतं. त्या दिवशीही निघताना त्यांनी मला बजावलं होतं, "इंदू, चारच्या आत नदीवरून खडे घेऊन ये. गौर तुझ्यासाठी खोळंबायची नाही." आमच्याकडे खड्यांची गौर. नदीतून पाच खडे आणायचे, मुकाट्याने चालत घरी यायचं आणि त्यांनाच गौर म्हणून बसवायचं.

पण मंडळात मामंजींचा नियम चालायचा. "दारात आला तो देव," ते म्हणायचे. "आणि देवाची पूजा कशी? आवाहन, आसन, मग पाद्य. पाय धुतल्याशिवाय आपण कुणाचं माप घ्यायचं नाही. नाहीतर आपण देणारे होऊन बसतो आणि तो मागणारा." एक पाय असेल तर एकच धुवायचा. बहुतेकांना एकच असायचा.

मला हे काम फार छान जमायचं. मी हे अभिमानाने सांगते, कारण पुढे जे झालं ते त्या अभिमानापायीच झालं.

दुपारी दोनच्या सुमाराला एक उंच, रापलेला माणूस पायऱ्या चढून आला. डोक्याला मळका पटका, आणि पाठीवर घोंगड्यात बांधलेली एक बाई. तिची बोटं त्याच्या खांद्यात रुतली होती. त्याने तिला खुर्चीत बसवलं, पदर नीट करून दिला आणि बाजूला झाला. बाई तिशीच्या आतबाहेरची, कपाळभर गोंदण, डोळे धारदार.

"नाव काय, बाई?"

"हौसा. माण तालुक्यातनं आलोय. ह्यो माजा भाऊ, तायाप्पा."

मी हसून तिच्या लुगड्याचा काठ जरासा उचलला. पाय परातीत घ्यायला हात पुढे केला, आणि हात तसाच राहिला. खाली काही नव्हतंच. दोन्ही पाय गुडघ्याखाली चार बोटांवर संपले होते.

चार वर्षांत असं कुणी आलंच नव्हतं. माझ्या एका हातात तांब्या, दुसरा हात हवेत. व्हरांड्यात पंचवीस-तीस माणसं नंबर लावून बसलेली, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. आणि माझं डोकं, ते नको तेव्हा फार चालतं. मला वाटलं, ही ज्याच्या पायांनी इथवर आली त्याचे पाय म्हणजेच हिचे पाय! किती साधी गोष्ट!

"दादा, तुम्ही या इकडे," मी तायाप्पाला म्हटलं. "आज तुमचेच पाय यांचे पाय."

तो बिचारा गांगरला. मी त्याचा हात धरून त्याला परातीपाशी उभं केलं. चिखलाने भरलेले ते पाय घासून घासून धुतले, पुसले, अंगठ्यांना कुंकू लावलं आणि त्यावर डोकं टेकलं. मागून कुणीतरी "वा!" म्हणालं. त्या टोकाच्या मास्तरांनी चष्मा काढून डोळे टिपले. खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मी मान वर केली तेव्हा हौसा माझ्याकडे बघत नव्हती.

"तायाप्पा, उचल."

"आगं आक्का, माप—"

"उचल म्हणती न्हवं."

त्याने माझ्याकडे एकदा बघितलं, खाली वाकला आणि तिला पाठीवर घेतलं. कुंकू लावलेल्या त्याच पायांनी तो पायऱ्या उतरून गेला.

मामंजी बाहेर आले तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे झाले होते. "पुढचं माप कुणाचं?" त्यांनी विचारलं. मास्तरांनी झालेलं सगळं कौतुकाने सांगितलं, आणि शेवटी त्यांना स्वतःलाच काहीतरी चुकल्यासारखं वाटून ते गप्प झाले.

"इंदू," मामंजी म्हणाले, "पाहुणा कोण होता?"

"त्या बाई."

"आणि पाय कुणाचे धुतलेस?"

मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो. "मग मी काय धुवायला हवं होतं? तुमच्या नियमात कुठे सांगितलंय? माझी तर करायला गेले गणपती आणि झाला मारुती अशी गत झाली!"

त्यांनी आपल्या पांढऱ्या हातांकडे बघितलं. "नाही सांगितलेलं. नियम करणाऱ्याला दोन पाय होते ना."

मी पदराने डोळे पुसले.

"ऊन कलायच्या आत माप मिळालं तर परवा तिचे पाय तयार होतील," ते म्हणाले. "नाहीतर पुढच्या वर्षी. मीच गेलो असतो, पण आत दोघांच्या पायांवर ओलं प्लास्टर आहे. तू जा."

"जाऊन काय सांगू?"

"सांगायला जाऊच नकोस. विचारायला जा."

मी तशीच पळत सुटले. हातात तांब्या आहे हे माझ्या लक्षात आलं ते घाटाच्या पायऱ्या उतरताना. फार शोधावं लागलं नाही. एसटी स्टँडकडे निघालेला तायाप्पा दम लागून घाटावरच टेकला होता. हौसा खालच्या पायरीवर बसून नदीकडे बघत होती. पाणी गढूळ, भरलेलं. काठाशी नटूनथटून आलेल्या पाच-सहा बायका वाकून खडे वेचत होत्या.

मी दोन पायऱ्या सोडून बसले. मग तिनेच बोलायला सुरुवात केली, पण माझ्याशी नव्हे, पाण्याशी बोलावं तसं.

"बाई, तुमी माज्या भावाचं पाय धुतलं. लई चांगलं क्येलं. माज्यापायी त्येच्या पायाला भेगा पडल्यात. पर मग म्या कोण? त्येच्या पाठीवरचं गठुडं?"

"नाही हो..."

"दोन वर्सं झाली, समदी असंच करत्यात. दवाखान्यात ग्येलं तर डाक्टर त्येला इचारतो, हिला दुखतंय का. बाजारात ग्येलं तर बांगडीवाली त्येला इचारती, हिला कंच्या भरू. माजं पाय ट्रकखाली ग्येलं, तोंड न्हाई ग्येलं."

तायाप्पा मान खाली घालून पायाचं कुंकू खरवडत होता.

"कसं झालं हे?" मी विचारलं.

"आमी धनगर. दसरा झाला की मेंढरं घिऊन कोकणात उतरतो. गडी मेंढरं वळत्यात, आन् घोड्यावर बिऱ्हाड लादून दोरी धरून बाई फुडं चालती. त्ये माजं काम. एक कोकरू सडकंवर ग्येलं, म्या त्येच्यामागं." ती थांबली. "कोकरू वाचलं."

"आणि आता?"

"आता काय. मालक आन् पोरं जात्यात, म्या म्हातारीसंगं घरला. आठ आठ म्हयनं. मागल्या साली परतली तवा धाकटी माज्याकडं ईना. बापाच्या मागं लपली. चार वर्साची पोर, आईला वळखंना." तिने पदराने नाक पुसलं. "म्हणून आल्ते. ह्या दसऱ्याला दोरी धराया गावली तर बगावं म्हणून. लई न्हाई, पोरगी संगं असली म्हंजे झालं."

मला माझी लाज वाटली. हिचं दोन वर्षांचं आयुष्य माझ्या पाटासमोर येऊन बसलं होतं, आणि मी टाळ्या मिळवत होते. मामंजींचं बोलणं आठवलं.

"हौसाबाई, माझं चुकलं," मी म्हटलं. "मला कळलंच नाही काय करावं. मी तुम्हालाच विचारायला हवं होतं. आता विचारते. काय धुऊ?"

ती खडे वेचणाऱ्या बायकांकडे हनुवटीने दाखवत म्हणाली, "त्या काय येचत्यात?"

"गौर आहे ती. आमच्यात खड्यांची गौर असते."

"आमच्याकडं तेरड्याची. तेरड्याच्या मुळ्या म्हंजी गौरीची पावलं." तिने जरा विचार केला. "खड्याला कुटं पावलं असत्यात?"

"नसतात."

"मग दारापासनं देव्हाऱ्यापातुर तिची पावलं काढता का न्हाई?"

"काढतो."

"कशी?"

मी मूठ वळून दाखवली. अशी कडेने टेकवायची, आणि वर बोटाने पाच ठिपके.

"आन् मला बगून तुमचं हात थांबलं," हौसा म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग तिने आपले दोन्ही हात माझ्यासमोर उताणे धरले. बोटांच्या मुळांशी, तळव्याच्या टाचेशी जाड, पिवळट घट्टे. मधेमधे चिरा पडून त्यात माती भरलेली. बाईच्या हाताची कातडी अशी असते हे मला माहीत नव्हतं. ती तर पायाच्या तळव्याची कातडी होती.

"घरला भाऊ कुटला उचलाया? दोन वर्सं म्या ह्येच्यावरच चालते," ती म्हणाली. "धुयाचं आसंल तर ह्ये धुवा."

तांब्यातलं पाणी गार झालं होतं. परात नव्हती, पंचा नव्हता. मी ते हात एकेक करून मांडीवर घेतले आणि हळूहळू धुतले. चिरांतली माती नखाने काढली, पदराने कोरडे केले. कुंकूही नव्हतं, म्हणून माझ्याच कपाळाचं बोटावर घेतलं आणि तिच्या दोन्ही तळव्यांना लावलं. मग त्यावर डोकं टेकलं. या वेळी कुणी "वा" म्हणालं नाही. ती मात्र हात मागे घेईना. मला रडू आलं, आणि या वेळी राग आला नाही.

"बास की," थोड्या वेळाने ती म्हणाली. "माप कवा घेनार? ऊन चाललं."

धर्मशाळेच्या पायऱ्या चढून तायाप्पा तिला खुर्चीकडे नेणार, तेवढ्यात तिने त्याच्या खांद्यावर थाप मारली. "हितं ठेव मला. उंबऱ्याच्या हिकडंच."

तो बुचकळ्यात पडला, पण त्याने ठेवलं. तिने माझ्याकडे कुंकवाची वाटी मागितली. मी वाटीत थोडं पाणी घालून दिलं. तिने मूठ वळली, कुंकवात बुडवली, उंबऱ्याच्या आत फरशीवर टेकवली आणि वर बोटाने पाच ठिपके दिले. मग दुसरी मूठ. हात टेकून, गुडघे ओढून ती थोडी पुढे सरकली आणि पुढचं पाऊल उमटवलं. व्हरांड्यातली माणसं आपसूक मागे सरली. तायाप्पा दोनदा तिला धरायला पुढे झाला आणि दोन्ही वेळा तिने नुसतं बघून त्याला थांबवलं. उंबऱ्यापासून आत मामंजींच्या टेबलापर्यंत लाल पावलांची ओळ गेली, आणि त्या ओळीच्या शेवटी हौसा.

मामंजी तिच्यासमोर फरशीवरच बसले. "हौसाबाई," ते म्हणाले, "आधी सांगा, कुठे दुखतं?"

तिला विचारलं त्यांनी, तायाप्पाला नाही.

मी घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. खडे आणायचे राहिले ते राहिलेच. सासूबाईंनी शेजारच्या मुलीकडून आणवले होते आणि गौर बसली होती. त्यांनी मला काही विचारलं नाही. बोलल्याच नाहीत, तर विचारणार कुठून! दुसरा दिवसभर घरात भांड्यांचाच काय तो आवाज. पुरणपोळी वाढतानाही त्यांनी माझ्या ताटाकडे बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी गौरी निघाल्या. धर्मशाळेतही निघायची गडबड होती. ज्यांना पाय बसले ते आडव्या बांबूंच्या मधून चालून बघत होते. हौसाला सकाळपासून चालवत होतो. दोन्ही पाय नवे, त्यामुळे तोल धरायला एकही जुना नाही. दहा वेळा ती बांबूवर लटकली. कातडी सोलून निघाली, पट्ट्या बांधून पुन्हा उभी राहिली. "आजच्या दिवस पुरे," मामंजी म्हणाले, तर म्हणते, "घोडं थांबंल व्हय?"

दुपारी तिने बांबू सोडले. एका हातात काठी, एका बाजूला मी. मामंजींची शेवटची परीक्षा सगळ्यांना सारखीच असायची. व्हरांड्यात जायचं, आणि उंबरा ओलांडून एकट्याने आत यायचं. सपाट जमिनीवर कुणीही चालेल, घर उंबऱ्यापासून सुरू होतं, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही तिला व्हरांड्यात उभं केलं आणि मी आत येऊन थांबले. तेवढ्यात मागच्या दाराने सासूबाई आल्या. नऊवारी शालू, नाकात नथ, हातात तबक आणि तबकात विसर्जनाला निघालेली आमची गौर. घाटावर जायचं तर मामंजींना बोलवायला त्यांना यावंच लागलं. तोंडावर दोन दिवसांचा राग तसाच होता. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांची नजर फरशीवर गेली.

मुठीची ती लाल पावलं कुणी पुसली नव्हती. माणसं ती चुकवून चालत होती.

"ही कुणी काढली?" त्यांनी मला विचारलं. दोन दिवसांतला पहिला शब्द.

"त्यांनी," मी म्हटलं, आणि दाराकडे बोट दाखवलं.

हौसाने काठी उंबऱ्याच्या आत टेकवली. उजवा पाय उचलला. तो उंबऱ्याला अडला, ती डुलली, तायाप्पाच्या तोंडून आवाज निघाला. तिने पाय मागे घेतला, पुन्हा उचलला आणि आत टाकला. मग डावा. आत आल्यावर ती तशीच उभी राहिली, घामाने डबडबलेली, ओठ दाताखाली दाबलेले. तिच्या नव्या पायांच्या समोरच कुंकवाचं पहिलं पाऊल होतं.

सासूबाई माझ्या शेजारून पुढे झाल्या. त्यांचा आवाज मी एरवी स्वयंपाकघरात, देवघरात, अंगणात ऐकलेला, इतका हळू कधी ऐकला नव्हता. घरात गौर आणताना विचारतात तोच प्रश्न त्यांनी विचारला.

"गौर आली, कशाच्या पावली आली?"

या प्रश्नाचं उत्तर लहान मुलीलाही पाठ असतं. सोन्याच्या पावली आली, म्हणायचं. पण मी हौसाकडेच बघत होते, आणि मामंजी तर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

हौसाने मान खाली घालून आपल्या पायांकडे बघितलं. मग वर बघून हसली. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

"रबराच्या, आई," ती म्हणाली. "पर माजी मी आली."